जेवणाची डॉक्टरीण

भीमराज गावी यायचे असले की शोभाबाईच्या भाकरीच्या टोपलीची रवानगी आतल्या खोलीत होई. टोपलीवर धुतलेलं फडकं, फडक्यावर सूप, आणि कुणाला संशय नको म्हणून सुपात थोडे कांदे. मादन हिप्परग्यासारख्या ज्वारीच्या गावात ज्वारीचीच भाकरी चोरीच्या मालासारखी दडवायची, याचं नवी नवरी असताना तिला हसू यायचं. आता हात आपसूक चालत. भीमराजांनी, तिच्या थोरल्या दिरानं, गाव म्हैसूर राज्यात गेलं त्या साली पहिल्या पगाराचा तांदूळ आणला होता आणि सगळ्यांदेखत सांगितलं होतं, की आजपासून माझ्या ताटात भाकरी पडायची नाही. त्या दिवसापासून ते जेवतात तिथं ती नजरेलाही पडू द्यायची नाही, हे घरानं आपणहून ठरवून टाकलं.

बुद्धपौर्णिमेची सकाळ होती. विहारातली वंदना आटोपून माणसं पांगली होती. खिरीचं मोठं पातेलं रिकामं होऊन आडाच्या कट्ट्यावर पालथं पडलं होतं. ऊन आताच असं तापलं होतं की अंगणात अनवाणी पाय ठेववत नव्हता. भीमराजांची बायको सुभद्राबाई उंबऱ्यात बसून पदरानं वारा घेत होती आणि धाकट्या जावेची टोपली दडवायची लगबग बघत होती.

"शोभा, आज तुझी पोर गप बसली म्हणजे मिळवली," ती म्हणाली. "हे रातभर झोपले न्हाईत."

"तिनं काय गुन्हा केलाय का अक्का? नौकरी सोडलीय, नवरा तर न्हाई सोडला. नवरा तर अजून मिळायचाय."

"मला इचारशील तर नौकरीच भारी. महिन्याच्या महिन्याला पगार आणून हातात ठेवती. नवऱ्याचं काय खरं हाय!"

दोघी हसल्या. पण सुभद्राबाई लगेच गप्प झाली. शोभाबाईची विशाखा हायस्कूलपासून गुलबर्ग्याला तिच्याकडे वाढलेली. पुतणीला हैदराबादला आहारशास्त्र शिकायला पाठवलं ते भीमराजांनी, नोकरी लागावी म्हणून कचेऱ्यांचे उंबरे झिजवले तेही त्यांनीच. शहरातल्या दवाखान्यात विशाखा पांढरा कोट घालून पहिल्यांदा गेली, त्या दिवशी भीमराज फाटकाबाहेर उगीचच अर्धा दिवस उभे होते. आणि त्याच पोरीनं राजीनामा दिल्याचं त्यांना कळलं ते कुठं, तर न्हाव्याच्या खुर्चीत, गालाला साबण लावलेला असताना. "तुमची पुतणी माझ्या साडूकडं आली होती," न्हावी म्हणाला, "नौकरी सोडली ते बेस केलं म्हणा." अर्धीच दाढी करून माणूस घरी आला आणि कुणाशी बोलला नाही.

सुभद्राबाई नवऱ्याच्या बाजूनंच आली होती. तरी तिच्या मनात दुसरंही काही होतं, आणि ते ती कुणाला सांगत नव्हती. संक्रांतीला नव्या चपलेनं भीमराजांच्या पायाला फोड आला होता. चैत्र गेला, वैशाख निम्मा सरला, फोडाची जखम झाली, आणि ती भरायचं नाव घेईना. रोज सकाळी पट्टी सुभद्राबाईच बदले, त्यामुळे पट्टीखाली काय आहे ते तिला नवऱ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. साखरेचा आजार जुना. गोळ्या ते न चुकता घेत, बिनसाखरेचा चहा पीत, आज विहारातली खीरसुद्धा त्यांनी हात जोडून परत केली होती आणि तेवढ्या त्यागावर खूष होऊन ते घरी आले होते. आता दुपारी भाताचा ढीग जेवतील. विशाखानं एकदाच, मागे एकदाच, "अप्पा, भात थोडा..." एवढं म्हटलं होतं. ते ताटावरून उठून गेले होते. त्यानंतर त्या घरात भाताबद्दल कुणी बोललं नाही.

---

बाहेर लिंबाच्या सावलीत भीमराज खुर्चीवर बसले होते. दुखरा पाय समोरच्या स्टुलावर. बांधकाम खात्यातून निवृत्त होऊनही बसण्यातला हेडक्लार्क काही निवृत्त झाला नव्हता. धाकटा भाऊ नरसिंग ओट्यावर टेकला होता. शेतात एवढा राबणारा माणूस, पण थोरल्या भावापुढं हात कुठं ठेवावेत ते त्याला अजून कळत नसे.

विशाखा आली आणि बाजेच्या कडेवर बसली.

"राजीनामा अजून मंजूर झालेला न्हाई," भीमराज म्हणाले. "मी मोठ्या साहेबांना भेटून आलो. भला माणूस हाय. म्हणाले, सोमवारी पोरीला घेऊन या. तवा सोमवारी माझ्यासंगं चलायचं, चूक झाली म्हणायचं आन कामावर बसायचं. विषय संपला."

"चूक झालेली न्हाई, अप्पा."

नरसिंग खोकला. उगीच.

"मग कामून सोडलीस? कुणी तरास दिला का?"

"कुणी न्हाई दिला. लोक चांगले होते. पण मी तिथं काय करत होते सांगू? माणूस घरी जायच्या दिवशी त्याच्या उशाशी जाऊन सांगायचं, हे खा, ते खाऊ नको. तो व्हय म्हणायचा, त्याची बायको व्हय म्हणायची. आन थोड्या दिवसांनी तोच माणूस पुन्हा तिथंच झोपलेला. एका म्हातारीला मी दर खेपंला सांगायचे, दूध प्या. एका आईतवारी तिच्या घरी गेले. घरात म्हैस न्हाई, शेळी न्हाई, चहा काळा. पण परसात शेवग्याचं झाड होतं अप्पा, आन सगळा पाला खाली पडून सुकायलेला. शेवगा मला दवाखान्यात बसून कसा दिसायचा?"

"मग आईतवारी जात जा की. नौकरी ठेवून जा."

"आईतवार पुरंनात म्हणून सोडली." ती हसली, पण अप्पांचा चेहरा बघून लगेच आवरलं. "आळंदचे एक डॉक्टर माझ्याकडं माणसं पाठवायलेत. एका मुलींच्या वसतिगृहातली सैपाकीण माझ्याकडनं शिकायलीय. बाळंतिणींच्या घरनं बोलावणी येतात. उदगीरच्या एका तालमीनं बोलावलंय."

"तालमीनं?" नरसिंगला राहवलं नाही. "पैलवानांना तू सांगणार, काय खायचं ते?"

"व्हय बाबा. नुसती अंडी, दूध आन बदाम. पालेभाजी म्हणलं की त्यांना लाज वाटती."

नरसिंगच्या मिशीत हसू आलं. भावाकडं बघताच ते त्यानं मिशीतच ठेवलं.

"म्हणजे दारोदार," भीमराज म्हणाले.

आवाज चढला नव्हता. चढला असता तर सगळ्यांना बरं वाटलं असतं.

"ह्या घरात दारोदार काय असतंय ते तुला ठाऊक न्हाई. तुझ्या बापाला बी न्हाई, तो पाळण्यात होता. मला ठाऊक हाय. तुझी आज्जी नागव्वा टोपली घेऊन ह्याच गावात फिरायची. दाराच्या बाहेर उभं राहायचं, लांब, सावली पडू न देता. 'भाकर वाढा माय' म्हणायचं. मी तिच्या मागं. कुणी कोर टाकायचं, कुणी चतकोर. करपलेली, कालची, पोरानं अर्धी खाऊन ठेवलेली. टोपलीत धा घरचे तुकडे, धा रंगाचे. अख्खी भाकरी त्या टोपलीत कधी पडली न्हाई. अख्खी भाकरी गोल असती हे मला लोकांच्या घरातल्या चुलीकडं लांबनं बघून कळलं होतं."

लिंबावरून एक कावळा उडाला.

"आपण दीक्षा घेतली त्या दिवशी मी आईला म्हणलं, आता टोपली ठेव. तिनं टोपली चुलीत घातली. आन तिची नात, हैदराबादला शिकलेली, पुन्हा लोकांच्या दारात उभी राहणार? जेवणाच्या कारणानं?"

विशाखाला उत्तर देता आलं असतं. उत्तर तिच्या ओठावर आलं होतं. पण आजीचं नाव निघाल्यावर स्वतःबद्दल काही सांगणं तिला बढाईसारखं वाटलं, आणि ती मान खाली घालून बसली. भीमराजांना ती मान खाली गेलेली दिसली आणि आपलं पटलं असं वाटलं. आत कुठंतरी त्यांना वाईटही वाटलं, कारण ही पोर अशी सहज गप्प बसणारी नव्हती.

नरसिंगची पंचाईत झाली होती. भावाच्या जिवावर घर उभं राहिलं. भाऊ शिकला म्हणून बाकीच्यांना जमीन कसता आली, पोरगी शिकली. त्यानं आयुष्यात एकदाही अण्णाला नाही म्हटलं नव्हतं. पण शेवग्याची गोष्ट ऐकताना त्याचा ऊर भरून आला होता. झाडाखाली पडलेला पाला बघून दुसरा माणूस झाडू मागेल, आपल्या पोरीला त्यात म्हातारीचं जेवण दिसलं. हे अण्णाला सांगावं असं त्याला फार वाटलं. प्रत्यक्षात तो म्हणाला, "अण्णा म्हणतात तसं कर, पोरी."

"कामून?" दारातून शोभाबाईचा आवाज आला. हातात भाताचा डाव तसाच होता. "तुमच्या तोंडात स्वतःची जीभ हाय का न्हाई? मघाशी खळ्यात मला काय म्हणलात?"

"शोभा," सुभद्राबाईनं तिचा दंड धरला. "मोठ्यांच्या बोलण्यात..."

"भावजींचा मान मी ठेवते अक्का. त्यांच्यासाठी..." ती 'टोपली' म्हणणार होती. जीभ चावून आत निघून गेली.

---

तेवढ्यात रस्त्याच्या बाजूनं राजदूतचा फटफटाट आला आणि लिंबापाशी येऊन थांबला. गाडीवर पांढरा पटका बांधलेला दांडगा माणूस, आणि मागं मांडीवर घोंगडी घेऊन बसलेली बाई. निंबर्ग्याचा रेवणप्पा आणि त्याची बायको अंबुबाई. धनगराचं घर. बापापर्यंत मेंढरं होती, आता तुरीची शेती. विशाखा झटकन उठली आणि अंबुबाईनं गाडीवरून उतरता उतरताच तिचे दोन्ही हात धरले.

"बाई, बगा माझ्याकडं! गाडीवर बसून आलेय, एवढ्या उन्हाचं! चक्कर न्हाई, काई न्हाई!"

नरसिंगनं पाणी आणलं. भीमराजांची एक जुनी सवय होती. परक्या घरचं कुणी पाणी प्यायला लागलं की त्यांची नजर त्याच्या हातावर जाई. रेवणप्पानं तांब्या घेतला आणि क्षणभर नुसता धरला. अंबुबाईनं तो त्याच्या हातातून काढून घेतला, तोंड लावून घटाघटा प्याली, पदरानं ओठ पुसले आणि उरलेलं नवऱ्याला दिलं. त्यानंही प्यायलं.

"तुमीच मोठे अप्पा ना?" अंबुबाई भीमराजांसमोर बसली. "बाई तुमचं नाव घेतात. लई उपकार झाले बगा, अशी पोर शिकवलात."

भीमराज नुसतं हुं म्हणाले.

"मी मरायले होते," अंबुबाईनं सरळ सुरुवात केली. तिला गोष्ट सांगायची होती आणि कुणी थांबवलं असतं तरी ती थांबली नसती. "आडावरनं घागर आणली की डोळ्यापुढं अंधारी. अंगात रगत न्हाई म्हणले. गोळ्या झाल्या, सुया झाल्या. मग डॉक्टरनं ह्यांचं नाव सांगितलं. म्हणलं येऊ दे, जेवणाची डॉक्टरीण तर जेवणाची डॉक्टरीण. आल्या त्या रिकाम्या हातानं. म्हणल्या, मी पहिल्या दिवशी काईच सांगत न्हाई. मी जेवायला आलेय."

"जेवायला?" सुभद्राबाई दारातून पुढं आली.

"व्हय! आन माझ्या सासूनं, बाणूबाईनं, पडवीत पाट मांडला. पुढं पत्रावळ. आमची ताटं आतच." ती थांबली, भीमराजांकडं बघितलं. "कामून ते मी सांगायला नको. तुमाला ठावं हाय."

रेवणप्पा जमिनीकडं बघत होता.

"तर बाई म्हणल्या, पाट आत घ्या. आजारी माणूस जिथं जेवतंय तिथं मी जेवते, तिच्या शेजारी, तिच्यासारख्याच ताटात. पडवीत बसून मला तिचं जेवण काय दिसणार? जमत नसंल तर मी निघते, माझी बस हाय. आन निघाल्या की हो! आमचे मालक नुसते उभे, म्हशीवानी."

"आता म्हशीवानी काय," रेवणप्पा पुटपुटला.

"म्हशीवानीच. मग मीच पळाले. डोक्यावर पदर न्हाई, पायात चप्पल न्हाई. बसपाशी गाठलं. हात धरला. म्हणलं, मी मरायलेय ते मरू दे, पण माझ्या दारातनं उपाशी जाऊ नका. परत आणलं. सासूचा हात धरून म्हणलं, पाट चुलीपाशी मांडा. मी आयुष्यात पहिल्यांदा तिला काई सांगितलं असंल."

"मग?" नरसिंग ओट्यावरून खाली उतरला होता.

"मग बाई चुलीपाशी बसल्या. सासू वाढायला लागली तर म्हणल्या, आत्ता न्हाई. अंबुबाई जेवंल तवा. घ्या! पुरुष जेवले, लेकरं जेवली, गडी जेवले, सासू जेवली. ऊन कललं. बाई आपल्या बसलेल्या, पोटात घास न्हाई. मग मी बसले. भाजीच्या भांड्यात तळाला तेल. वरण संपलेलं. मी रोजच्यासारखी भाकरी घेतली, मिरचीचा ठेचा घेतला, वरनं चहा ओतला. बाईंनी तेच घेतलं. तेच खाल्लं. एक शब्द बोलल्या न्हाईत. पण तुमाला सांगते अप्पा, त्यांच्या ताटात ते बघितलं तवा मला पहिल्यांदा कळलं मी काय खायलेय. स्वतःच्या ताटात कधी दिसलंच न्हाई."

"दुसऱ्या खेपंला आल्या," रेवणप्पानं आता तोंड उघडलं. "म्हणल्या, डॉक्टरच्या गोळ्या चालू ठेवा. चहा जेवणावर न्हाई, मागनं. आन अंबुबाईनं पहिल्या पंगतीला बसायचं. बास. माझी आई भडकली. सून पहिल्या पंगतीला, कुठं ऐकलंय का?"

"आन आता?" शोभाबाई डाव घेऊन पुन्हा बाहेर आली होती.

"आता आई तिच्या शेजारी बसती. म्हणती, एवढी जिंदगी गेली, गरम जेवण असं असतंय व्हय!"

सगळे हसले. सुभद्राबाई हसता हसता डोळे पुसायला लागली. भीमराज हसले नाहीत. ते विशाखाकडं बघत होते.

"विशाखाक्का, निंबर्ग्यात आणखी घरं वाट बघायलेत," रेवणप्पा म्हणाला. "मी सगळ्यांना आधीच सांगून ठेवलंय. पाट चुलीपाशी मांडायचा असंल तरच बोलवा, न्हाईतर त्यांचा अन तुमचा टाईम घालवू नका."

"सगळ्या घरी हीच अट?" भीमराजांनी विचारलं.

"व्हय अप्पा," विशाखा म्हणाली.

"कुठल्याबी जातीचं घर असंल तरी?"

"कुठलंबी."

"आन न्हाई म्हणले तर?"

"बस पकडते. खूपदा पकडलीय."

भीमराजांच्या डोळ्यांपुढं त्या गावातल्या चुली आल्या. लांबून दिसणाऱ्या, आत लाल झालेल्या. बाहेर उभी नागव्वा, टोपली पुढं धरलेली, मान खाली. आणि त्यांना आपल्या पुतणीचा असा अभिमान वाटला, की तो कुठं ठेवावा ते कळेना. ही पोर त्याच चुलीपाशी जाऊन बसते. वाढा म्हणत नाही. वाढणारीला थांब म्हणते. पांढरा कोट घातला त्या दिवशी फाटकाबाहेर उभं राहून जे वाटलं होतं ते ह्याच्यापुढं काहीच नव्हतं. हे आईला सांगायला हवं होतं. सांगायला आई नव्हती, याचं त्यांना आज इतक्या वर्षांनी रडू आलं, आणि चारचौघांत रडायला नको म्हणून त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

ती संधी सुभद्राबाईनं साधली. एरवी नवऱ्यापुढं आवाज न काढणारी ती बाई पाहुण्यांदेखत पुढं आली, खाली बसली आणि स्टुलावरच्या पायाची पट्टी दोन हातांनी धरली.

"विशाखा, लोकांच्या चुलीपाशी बसतीस. माझ्या घरात एवढी वर्षं राहिलीस. तिथं एक माणूस आजारी हाय, ते तुला दिसत न्हाई का?"

"सुभद्रा!" भीमराज म्हणाले.

"मला बोलू द्या. रोज सकाळी ही पट्टी मी सोडते. मला भ्या वाटतंय. पाय जाईल म्हणून भ्या वाटतंय. झालं, बोलले."

विशाखाचे डोळे भरले. "दिसतंय मोठीआई. सगळ्यात आधी तेच दिसतंय. पण बोलावल्याबिगर मी कुणाच्या घरी जेवायला बसत न्हाई. ती बी अटच हाय." ती पुढं म्हणाली, "आन ज्यानं मला वाढवलं त्याच्याकडं तर न्हाईच."

सगळ्यांच्या नजरा खुर्चीकडं. भीमराजांनी चष्मा घातला. पुन्हा काढला.

"सोमवारी," ते म्हणाले. "सोमवारी मी साहेबांना जाऊन सांगतो, पोरगी येत न्हाई. तिला टाईम न्हाई."

नरसिंग मोठ्यानं हसला. अण्णासमोर एवढ्या मोठ्यानं तो पहिल्यांदाच हसला असेल.

"आन तू," भीमराज विशाखाकडं वळले, "माझ्या घरी जेवायला ये. पाट चुलीपाशी मांडतो."

"त्यासाठी गुलबर्गा कशाला?" शोभाबाई म्हणाली. "सैपाक तयार हाय. चूल बी हीच हाय."

---

पाट मांडले ते चुलीपाशीच. जागा अपुरी, धग वर, तरी सगळे आत. अंबुबाईनं पहिल्या पंगतीला बसायचं, मग जावाजावांनीही बसायचं असं रेवणप्पानंच फर्मान काढलं, त्यामुळे वाढायला माणूस उरेना. शेवटी मधोमध भांडी ठेवून शोभाबाई बसल्या बसल्या वाढायला लागली. अंबाडीची, म्हणजे पुंडीची, आंबट भाजी, वरण, शेंगदाण्याची चटणी, भात.

भीमराजांचं ताट नेहमीसारखं भरलं. भाताचा डोंगर, वर वरण, कडेला नखभर भाजी.

"मला अप्पांसारखंच," विशाखा म्हणाली. "तेवढंच."

शोभाबाईनं तेवढंच वाढलं. विशाखा शांतपणे जेवू लागली. भीमराज एक घास घेत आणि तिच्या ताटाकडं बघत. ती काही सांगेल म्हणून त्यांनी मनाची तयारी केली होती, आणि उत्तरंही. ती काहीच बोलेना. बारकी पोर, समोर एवढा मोठा भात, घास संपता संपेना. भीमराजांना ते बघवेना. स्वतःच्या ताटात इतकी वर्षं त्यांना हा ढीग कधी ढीग वाटला नव्हता. तो मान होता. पहिल्या पगाराचा पांढराशुभ्र मान. पोरीच्या ताटात तो नुसता भात दिसत होता, आणि फार होता.

"एवढा खातो का मी?" त्यांनी हळूच विचारलं.

विशाखा घास चावत राहिली.

"सांग की काहीतरी."

"पहिल्या दिवशी मी सांगत न्हाई, अप्पा."

भीमराजांनी ताट थोडं पुढं सरकवलं. मग वर न बघता म्हणाले, "शोभा, आतली टोपली आण. सुपाखालची."

शोभाबाईच्या हातातला डाव भांड्यात पडला.

"भावजी, कसली टो..."

"नव्या ज्वारीच्या भाकरीचा वास फडक्यानं दबत न्हाई. दर खेपंला येतोय मला. तू दडवतीस म्हणून मी गप बसतो." आणि मग, एरवी कचेरीत कुणी ऐकला नसेल अशा आवाजात, "ह्यातला भात काढ. आन भाकरी वाढ. चतकोर वाढ. बघतो जाती का घशाखाली."

टोपली आली. फडकं निघालं. शोभाबाईच्या हाताच्या भाकरी पार निंबर्ग्यापर्यंत प्रसिद्ध होत्या. तिनं वरची भाकरी उचलली आणि मोडायला दोन्ही हातांत धरली.

"मोडू नको, आई," विशाखा म्हणाली.

शोभाबाई थांबली.

"अख्खी वाढ."

भाकरी भीमराजांच्या ताटात पडली, गोल, कडेला थोडी फुगलेली. ते तिच्याकडं बघत राहिले. कुणी घास घेतला नाही. मग त्यांनी हात पुढं केला आणि ती स्वतः मोडली.